मजारीच्या उजव्या हाताची जागा

कारांगतुरी
३ ऑगस्ट १९९९, मंगळवार क्लिवोन

पोनिरा,

तुझं शेवटचं पत्र सोळा वर्षांपूर्वी आलं होतं, आई गेल्याचं मी कळवलं तेव्हा. त्यात एकच ओळ होती. "बाबांना कुठे टाकलंत ते सांगायचं असेल त्या दिवशी लिही, नाहीतर शाई वाया घालवू नकोस." मी सोळा वर्षं शाई वाया घालवली नाही. आज लिहितोय म्हणजे काय ते तू समजलीच असशील. पण मी सरळ मुद्द्यावर येणारा माणूस नाही हे तुला ठाऊक आहे. तेव्हा जरा दमानं घे, पत्र फाडू नकोस.

आधी कब्रस्तानाची खबर. जिल्ह्याच्या कचेरीतून एक बाई आली होती, पायात बूट, हातात वही. आजोबांना हाक मारावी तसं मला म्हणाली, "म्बाह, तुम्ही इथले मुजावर. इथे कोण कोण थोर माणसं पुरली आहेत त्यांची नावं सांगा. फाटकाशी फलक लावायचाय." मी म्हटलं, "बाई, मेल्यावर सगळेच थोर होतात. आम्हाला आजवर एकही वाईट मयत आलेलं नाही." ती हसली, पण ते लिहून काही घेतलं नाही.

मग सांगितली नावं. पहिले म्बाह ब्रोजो, ते तर आलेच, त्यांच्या मजारीमुळे तर कब्रस्तानाला नाव आहे. मग बाहुल्यांचे खेळ करणारे गोंडोसुली, ज्यांचा खेळ बघायला साखर कारखान्याचा गोरा साहेब आपल्या चटईवर मांडी घालून बसला होता. सुईण राकिनेम, जिनं अर्धं गाव ओढून बाहेर काढलं, तुला आणि मला धरून. हाजी बद्रुन, जे मक्केला पायी निघाले आणि सात वर्षांनी जहाजातून परतले, तोवर बायकोनं दुसरं लग्न केलेलं. पहिल्या शाळेचे मास्तर. पाटासाठी स्वतःचं शेत मधोमध चिरू देणारा सोदिक्रामा. अशी नऊ झाली. फलकावर दहा ओळी होत्या. बाई म्हणाली, "एक मोकळी राहू दे, पुढेमागे लागेल."

ती लागणार आहे, पोन. लुरा अत्मोसुवितो मरायला टेकलेत.

अर्धं अंग गेलंय. तोंड वाकडं झालंय, पण बोलतात. चोवीस वर्षं गावाचे मुखिया होते, त्यामुळे भिंतीच्या आत त्यांना जागा मिळणार यात कुणाला शंका नाही. आपल्याकडे कसं आहे ते तुला माहीत आहे, भिंतीबाहेर आपण सगळे आणि भिंतीच्या आत मोठी माणसं. पण त्यांना नुसती आतली जागा नकोय. त्यांना म्बाह ब्रोजोंच्या घुमटीखाली, मजारीच्या उजव्या हाताला, हातभर अंतरावर जागा हवी आहे. त्यांचा मुलगा हाजी मुर्तोजो स्वतः आला होता. म्हणाला, "पाक वागिरान, बापाची एवढी एकच इच्छा आहे. मी सगळ्या घुमटीला नवी फरशी घालतो, मजारीवर नवी चादर देतो. तुम्ही फक्त हो म्हणा."

मी म्हटलं, "जागा बघावी लागेल."

"जागा तर दिसतेच आहे. गेली शंभर वर्षं तिथे फक्त झाडू फिरतोय."

गावात हा हक्क अजून मुजावराचा आहे. कुणाला कुठे झोपवायचं ते मी ठरवतो. मी नाही म्हटलं तर कारण द्यावं लागेल. आणि कारण एकच आहे.

आता लिहितो. त्या साली, म्हणजे पासष्ट साली, लाल झेंडेवाल्यांची धरपकड चालली तेव्हा शाळेत नेऊन कोंडायच्या माणसांची यादी याच माणसानं केली होती. बाबा चौथे होते. त्यांचा गुन्हा काय, तर नाटकमंडळीत ढोल वाजवायचे आणि मंडळीनं लाल झेंडेवाल्यांच्या सभेत दोन खेळ केले होते. तुला हे सांगायची गरज नाही, तू चौदा वर्षांची होतीस आणि शाळेच्या कुंपणाशी भाताचा डबा घेऊन उभी होतीस. पण आपल्याला हे लिहायला कधी कुणी दिलंच नाही. आता सरकार बदललंय, म्हणून एकदा माझ्या हातानं लिहून बघितलं.

मी आईला आणि तुला सांगितलं होतं की बाबांना लांबच्या बेटावर तुरुंगात नेलं. नेलं नव्हतं. बाबा इथेच आहेत. म्बाह ब्रोजोंच्या मजारीत आहेत.

म्बाह ब्रोजो तिथे कधी नव्हतेच. एका उन्हाळ्यात ते त्या जागी चाळीस दिवस झोपले आणि पुढे चालू लागले. जिथे डोकं टेकलं तिथे लोकांनी कबर बांधली. हे फक्त मुजावराला माहीत असतं आणि तो पुढच्या मुजावराला सांगतो. माझ्या आधीचे म्हातारे म्बाह तुवुह यांनी मला त्या दिवशी सांगितलं. म्हणाले, "गावात एकच कबर अशी आहे जी कोणी उकरणार नाही, आणि ती रिकामी आहे. आण तुझ्या बापाला."

तर तेहतीस वर्षं लोक चार जिल्ह्यांतून येऊन बाबांवर फुलं वाहतात. मूल मागतात, परीक्षेत पास कर म्हणतात. बाबांना स्वतःला लिहितावाचता येत नव्हतं.

आणि आई. आई दर शुक्रवारी यायची, आठवतंय ना? म्बाह ब्रोजोंना सांगायची, माझा नवरा परत पाठवा. मी तिच्या हातातून फुलांची परडी घ्यायचो आणि चादरीवर ओतायचो. सतरा वर्षं. मी तिला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर ती तिथे वेगळ्या तऱ्हेनं रडली असती आणि गावाला कळलं असतं. हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला देत आलोय. ते खोटं नाही, पण पुरेसंही नाही.

आता सांग, मी त्या माणसाला बाबांच्या उजव्या हाताला झोपवू का?

तुझा थोरला कांग,
वागिरान

•

लांपुंग
१२ ऑगस्ट १९९९, गुरुवार वागे

कांग,

तुझं पत्र आधी मुलीच्या हातात पडलं. तिला मी सांगून ठेवलं होतं की मामा मेला. आता सांगावं लागलं की मेला नाही, मुजावर आहे. ती म्हणाली, "फरक काय?" माझ्यावरच गेली आहे.

मी पत्र दोनदा वाचलं. मग मिरीच्या वेलांना पाणी घातलं. मग तिसऱ्यांदा वाचलं आणि तुझ्या नावानं इतक्या शिव्या दिल्या की शेजारची बाई विचारायला आली, काय हरवलं.

आई एकटी येत नव्हती. मीही यायचे तिच्याबरोबर. तुला विसर पडला का? त्या चादरीचा मुका घेतलाय मी. मी काय मागत होते सांगू? अत्मोसुवितोला महारोग होऊ दे, बोटं गळून पडू देत. दर शुक्रवारी मागत होते. बाबांकडेच मागत होते, आणि तू बाजूला झाडू घेऊन उभा होतास.

माझ्या एका प्रश्नाचं उत्तर तू अजून दिलेलं नाहीस. सत्याहत्तर साली गावातल्या सुरातनं मला सांगितलं की नदीकाठी खड्डा खणणाऱ्यांत तूही होतास. मी तुला तोंडावर विचारलं. तू म्हणालास, "मी नव्हतो." त्याच आठवड्यात मी नवऱ्याला म्हटलं, सरकार लांपुंगला जमिनी देतंय ना, चल, नाव घाल. एवढ्या लांब जंगलात मी काय हौसेनं आले?

आता खरं सांग. होतास की नव्हतास?

आणि त्या माणसाला बाबांशेजारी जागा दिलीस तर मी येईन, बोटीचं तिकीट काढून येईन, आणि माझ्या हातानं त्याला उकरून बाहेर काढीन. अठ्ठेचाळीस वर्षांची झाले आहे, पण कुदळ अजून चालवते.

पोनिरा

•

कारांगतुरी
२० ऑगस्ट १९९९, शुक्रवार पाहिंग

पोन,

होतो.

आम्ही सहा जण होतो. लुरांचा माणूस दारात आला आणि म्हणाला, "कब्रस्तानात काम करणारे सगळे या, कुदळी घेऊन." मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, घरात बायको, पाळण्यात मूल. कशासाठी ते विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. आदल्या दुपारी खणायला लागलो आणि दुसऱ्या दिवशी उजाडलं तेव्हाही खणतच होतो, जमीन वाळवंटाची, कडा सारख्या ढासळत होत्या.

उजाडताच शाळेत कोंडलेल्यांना आणलं. दोघादोघांचे हात तारेनं एकत्र बांधलेले. बाबा मास्तर हार्जोबरोबर होते. मी खड्ड्यात कमरेपर्यंत उभा होतो. बाबांनी मला बघितलं. मला वाटलं, आता काहीतरी बोलतील, शाप देतील किंवा आईला काही निरोप देतील. ते म्हणाले, "खोल खण रे. कुत्री उकरतात."

एवढंच. रोजच्याच आवाजात. घरी मला लाकडं फोडायला सांगायचे त्या आवाजात. आणि मी काय केलं माहीत आहे? मी अजून हातभर खणलं. मग आम्हाला वर यायला सांगितलं आणि बांबूच्या बेटामागे उभं केलं. मला आवाज आले. बघितलं काहीच नाही. त्यानंतर माती ओढायला परत बोलावलं.

हे मी तुला सत्याहत्तर साली कसं सांगायचं होतं? तू सांग. अंगणात उभं राहून, तू डोक्यावर धुण्याची टोपली घेतलेली असताना?

दुपारी म्हातारे म्बाह तुवुह माझ्या घरी आले. मी न धुतलेल्या पायांनी बसलो होतो. त्यांनी विचारलं, "तुझा बाप कुठल्या टोकाला आहे?" मी म्हटलं, "उत्तरेच्या." म्हणाले, "चल. सगळे शुक्रवारच्या नमाजला गेलेत. माती अजून बसलेली नाही." बाबांना आम्ही गवताच्या हातगाडीवर घालून आणलं, वर बकऱ्यांचा चारा टाकला. मग घुमटीला पडदा लावला. चादर बदलताना पडदा लावायचा आणि आत मुजावराशिवाय कोणी जायचं नाही, हे गावाला पिढ्यान् पिढ्या ठाऊक आहे, म्हणून कोणी डोकावलं नाही. दोन दिवस पडदा होता. आम्ही त्यांना धुवू शकलो नाही. पश्चिमेकडे तोंड केलं, गाल मातीला टेकवला, तुवुह यांनी नमाज म्हटली. हार्जोंकडचं टोक नदीवरच सुटलं होतं, पण बाबांच्या मनगटावरची तार सुटेना. पक्कड आणायला घरी जायची माझी छाती झाली नाही. तार तशीच राहिली.

हे झालं तुझ्या प्रश्नाचं उत्तर. आता दुसरं, आणि ते ऐकून तू संतापशील.

परवा मी लुरांकडे गेलो होतो. तुझ्या पत्रानं बळ आलं होतं. वाटेत जुळवून ठेवलं होतं की सांगायचं, म्बाह ब्रोजो स्वप्नात आले, शेजारी कोणी नको म्हणाले. गावात असल्या कारणापुढे कोणी बोलत नाही. मुर्तोजोनं मला आत नेलं आणि चहा आणायला गेला. लुरा उशांना टेकून बसले होते. एका बाजूनं लाळ गळत होती. मी स्वप्न सांगायला सुरुवात केली.

त्यांनी चांगला हात वर केला. म्हणाले, "स्वप्न राहू दे, वागिरान. तिथे कोण आहे ते मला माहीत आहे."

मी दाराकडे बघितलं.

"मजारीची चादर सुरो महिन्यात बदलतात. त्या साली तुम्ही रुवाहमध्ये बदललीत. रुवाहमध्ये लोक कबरी झाडतात, तेव्हा खपून जाईल असं तुवुहला वाटलं. बाकीच्यांना खपलं. मी मुखिया होतो. गावात काय केव्हा होतं ते मला कळायचं नाही का?" त्यांना धाप लागली, थांबले. "मग मी नदीवर जाऊन बघितलं. उत्तरेचं टोक खचलं होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर तू आणि तुवुह दुसऱ्या दिवशी त्याच खड्ड्यात असता. आणखी दोन कशाला, म्हटलं."

पोन, मी तेहतीस वर्षं समजत होतो की मी काहीतरी केलं. आपल्या घरात मी एकट्यानं एक धाडसाची गोष्ट केली. तीसुद्धा त्या माणसानं मला करू दिली होती.

मग ते म्हणाले, "मी दर शुक्रवारी मजारीवर कुणाकडे येत होतो असं तुला वाटलं? ब्रोजोकडे? मला मुलंबाळं होती, शेत होतं, मला ब्रोजोकडे काय मागायचं होतं? तुझा बाप आणि मी एका म्हशीवर बसून नदी ओलांडायचो लहानपणी. वरून माणसं आली, म्हणाली, वीस नावं द्या. एकोणीस झाली होती. मग विसावं द्यायला म्हणून तुझ्या बापाचं नाव आठवलं."

मी म्हटलं, "बाबा यादीत चौथे होते."

त्यांनी डोळे मिटले. मग म्हणाले, "चौथे का? असतील."

शेवटी म्हणाले, "मला त्याच्याजवळ जायचंय. माफी मागायची तर जवळ जाऊन मागावी. इथून ऐकू जात नाही." आणि रडले, पोन. एकाच डोळ्यातून पाणी येतं त्यांना आता.

मुर्तोजो चहा घेऊन आला, मी प्यालो, आणि स्वप्नाचं काही न बोलता घरी आलो. दोन दिवस झाले. मला वाटतं, ते खरं बोलत होते, विसाव्या नावाची गोष्ट सोडून. मेलेला माणूस माफ करतो की नाही ते मला ठाऊक नाही, पण मागू द्यायला काय हरकत आहे? असं माझं मन म्हणतंय. तू रागावशील म्हणून लपवत नाही. आजवर पुष्कळ लपवलं.

तू काय म्हणतेस ते लवकर कळव. ते फार दिवस काढतील असं वाटत नाही.

वागिरान

•

लांपुंग
२८ ऑगस्ट १९९९, शनिवार क्लिवोन

कांग,

तू होतास म्हणालास. ते वाचून मी रडले, आणि मग झोपले. पुष्कळ वर्षांनी अशी झोप लागली. म्हणजे तुला माफ केलं असं समजू नकोस. पण "खोल खण रे" हे बाबाच बोलू शकतात. आता तुझ्या तोंडून त्यांचा आवाज तरी ऐकला.

आता त्या माणसाचं.

आई सतरा वर्षं जिवंत होती. त्याच्या घरापासून आपलं घर किती लांब होतं? मधे नुसता पाट. आई रोज त्याच पाटावर भांडी घासायला बसायची आणि तो समोरच्या ओसरीवर सिगारेट ओढत बसलेला असायचा. तिचा नवरा कुठे आहे ते त्याला ठाऊक होतं, तुला ठाऊक होतं, आणि ती तुमच्या दोघांच्या मधे बसून कढई घासत होती. तेव्हा त्याला माफी मागायला कोणी अडवलं होतं? पाट ओलांडायचा होता, समुद्र नाही. मेलेल्याकडे माफी मागणं सोपं, तो नाही म्हणत नाही. आई नाही म्हणाली असती, म्हणून तिच्याकडे मागितली नाही.

आणि तुला त्याची दया येते! तू बाबांवर गेलास. बाबांनाही सगळ्यांची दया यायची, म्हणून तर ज्यानं बोलावलं त्याच्याकडे ढोल घेऊन जायचे.

माझं म्हणणं ऐक. बाबांना तिथून काढ. ती जागा त्यांची कधी नव्हती. आईजवळ ने, भिंतीबाहेर, आपल्या माणसांत. मग त्या लुराला जिथे हवं तिथे झोपव. संगमरवर घाल, फलकावर नाव घाल, माझं काही म्हणणं नाही. मोठ्या माणसांत जागा हवी ना? घे म्हणावं.

ते त्याला सांगायचं की नाही ते तू ठरव. मी सांगितलं असतं.

पोनिरा

•

कारांगतुरी
९ सप्टेंबर १९९९, गुरुवार पाहिंग

पोन,

केलं.

तुझं पत्र शनिवारी आलं. रविवारी सकाळी मी मुर्तोजोकडे गेलो आणि म्हटलं, "फरशी घालायची तर आधी चादर उतरवावी लागेल, पडदा लागेल, दोन दिवस आत कोणी येता कामा नये." तो इतका खूश झाला की माझा हात धरून म्हणाला, "म्हणजे हो ना?" मी म्हटलं, "हो." पडद्याचं कापड त्यानंच दिलं, चांगलं पांढरं, आखूड नाही.

बासष्ट वर्षांच्या माणसानं एकट्यानं कबर उकरू नये. कंबर मोडली. पण मधे मधे बसत, पाणी पीत, दुपारपर्यंत फळ्यांपाशी पोचलो. फळ्या मातीत विरघळल्या होत्या. बाबा थोडेच उरले होते. आम्ही ठेवले तसेच होते, पश्चिमेकडे तोंड करून. तार होती. गंजून जाडजूड झालेली, मनगटाच्या हाडांभोवती तशीच. या वेळी पक्कड नेली होती. दोन दाबांत तुटली. तेहतीस वर्षांपूर्वीही तेवढाच वेळ लागला असता. मी ती तार हातात धरून बराच वेळ तिथे बसून राहिलो आणि मोठ्यानं रडलो. बाहेर दोन बायका आल्या होत्या त्यांना वाटलं, मुजावर दुआ मागतोय. त्याही बाहेरून आमीन म्हणाल्या.

सोमवारी सकाळी दहाच्या सुमाराला त्यांना बाहेर आणलं. पांढऱ्या कापडात गुंडाळून, फुलांच्या मोठ्या टोपलीत, वर शिळी फुलं. मजारीवरची जुनी फुलं मी नेहमीच टोपलीतून बाहेर नेऊन पुरतो, त्यामुळे कुणी विचारलं नाही. फाटकाशी हाजी बद्रुनांचा नातू भेटला, म्हणाला, "म्बाह, द्या, मी घेतो टोपली, जड असेल." मी म्हटलं, "नको रे बाबा, हलकी आहे." हलकीच होती, पोन. बाबा केवढे होते आठवतं? ढोल आणि तू, दोघांना एकदम खांद्यावर घ्यायचे.

आईशेजारची जागा मी पहाटेच खणून ठेवली होती. खोल. नमाज मी एकट्यानं म्हटली. मजार परत बुजवली, वर चादर घातली. आता ती पूर्वी होती तशी आहे, रिकामी.

तिथून घरी जाऊन अंघोळ केली, कपडे बदलले आणि लुरांकडे गेलो. तू म्हणाली होतीस, सांगायचं की नाही ते तू ठरव. मला दारात पोचेपर्यंत ठरवता आलं नव्हतं. खोलीत गेलो तर ते हसले, म्हणजे अर्धे हसले. मुर्तोजोनं त्यांना सांगितलं होतं की जागा मिळाली. सून भाताची पेज भरवत होती. मी म्हटलं, "आण इकडे, मी भरवतो." ती गेली. त्यांनी माझा हात धरला. "वागिरान, तू तुझ्या बापासारखा आहेस. देव तुझं भलं करो."

मी दोन चमचे भरवले. मग म्हटलं, "तिथे आता कोणी नाही. बाबांना मी काढलं."

आधी त्यांना कळलं नाही. परत सांगितलं. पेज तोंडातून बाहेर आली. म्हणाले, "कुठे?"

मी हनुवटी पुसली.

"कुठे नेलंस त्याला? वागिरान? लांब नेलंस?"

मी आणखी एक चमचा पुढे केला, त्यांनी तोंड मिटून घेतलं. "मला सांग रे. मी कुणाला सांगणार आहे? तेहतीस वर्षं कुणाला सांगितलं का? नुसतं सांग, कुठल्या बाजूला. मी तिकडे तोंड करीन." त्यांचा चांगला हात माझ्या मनगटावर होता आणि तो चांगलाच घट्ट होता. मी बसून राहिलो. पोन, हा प्रश्न मला आईनं विचारला आहे, तू विचारला आहेस. याला उत्तर न देणं हे मला जन्मभर केलेल्या कामासारखं येतं. समोरच्याचा चेहरा बघत राहायचं आणि आपला चेहरा तसाच ठेवायचा, एवढंच असतं.

मी हात सोडवून घेतला, वाटी खाली ठेवली आणि निघालो. दारापर्यंत ते विचारत होते. खूप बरं वाटलं. घरी जाऊन दोन वाट्या भात जेवलो. झोपताना अंगावर काटा आला, तो अजून गेलेला नाही. तू म्हणाली होतीस मी बाबांवर गेलो. नाही गेलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी लुरा गेले. मंगळवार होता आणि बाजाराच्या पाच दिवसांतला क्लिवोन, म्हणून गाव म्हणतंय भाग्यवान माणूस, दिवस बघून गेला. सून म्हणाली, सारखे काहीतरी विचारत होते, पण बोलणं लागत नव्हतं. हजारभर माणसं होती. कचेरीतली बाईही आली होती, फलकावर दहावं नाव घातलं आहे. त्यांना म्बाह ब्रोजोंच्या उजव्या हाताला ठेवलं, मीच आत उतरून तोंड पश्चिमेकडे केलं. नवी फरशी छान दिसते. माणसं दोन्ही कबरींवर फुलं टाकतात आता.

तू सोळा वर्षांपूर्वी जे विचारलं होतंस त्याचं उत्तर नीट लिहितो, कारण मी पण फार दिवस नाही. फाटकातून आत येऊ नकोस. भिंतीला बाहेरून डावीकडे वळ, सुईण राकिनेमच्या घरच्यांच्या कबरी लागतील, तिथून सोळा पावलं पुढे. चाफा आहे, त्याच्या खाली आई. बाबा आईच्या डाव्या हाताला आहेत, अगदी खेटून. मधे वीतभर माती आहे, तेवढी ठेवावी लागते.

वागिरान